नदी नसलेलं बेट

पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियाच्या झांझिबार बेटावर 'स्टोन टाउन' नावाचं जुनं दगडी शहर आहे. त्याच्या दक्षिणेला साधारण १३ किलोमीटरवर चुंबे नावाचं बेट आहे. लांबी किलोमीटरभर, रुंदी जास्तीत जास्त ३०० मीटर. म्बवेनीच्या किनाऱ्यावरून होडीनं पाऊण तास लागतो. बेटावर दाट, खुरटं, मुळांचे वेटोळे घातलेलं रान आहे, पायाखाली सुरीच्या धारेचा खडक आहे आणि १९०४ साली इंग्रजांनी उभारलेलं दीपगृह आहे. रानाच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून, पाहुण्यांसाठी सात घरं आहेत. मोजून सात.

बेटावर नदी नाही. ओढा नाही, झरा नाही, डबकंसुद्धा नाही. पडलेला पाऊस खडकाच्या भोकांतून सरळ खाली जातो आणि समुद्राला मिळतो. हा खडक म्हणजे जुना प्रवाळच. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा उंच होती तेव्हा तो वाढला आणि पाणी उतरल्यावर उघडा पडला. हातात घेतला तर चाळणीसारखा दिसतो. पूर्वी दिवा सांभाळायला माणसं राहत, त्यांनाही पाणी साठवूनच ठेवावं लागे.

राहायला आलेल्या माणसाला ही उणीव वाटते. पण पश्चिमेकडच्या उथळ पाण्यात तोंड बुडवून खाली पाहिलं की तिचा अर्थ बदलतो. पूर्व आफ्रिकेत सापडणाऱ्या कठीण प्रवाळांच्या सुमारे ९० टक्के जाती या चिंचोळ्या पट्ट्यात आहेत आणि चारशेहून अधिक जातींचे मासे आहेत. प्रवाळाचा जीव काही मिलिमीटरचा. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर साखर करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. त्यासाठी ऊन तळापर्यंत पोचावं लागतं, म्हणून पाणी काचेसारखं हवं. पाण्यात खत फार झालं तर मोकळं शेवाळ फोफावतं, प्रवाळावर पसरतं आणि त्याचं ऊन अडवतं. गाळ आला तर तो प्रवाळाच्या तोंडावरच बसतो. गोडं पाणी आलं तर जीव सोसत नाही.

कोकणातल्या माणसाला हे उलट बाजूनं चटकन कळेल. आषाढात आपला समुद्र चहाच्या रंगाचा होतो, कारण सह्याद्रीवरून धावत आलेल्या नद्या लाल माती आणून त्यात ओततात. म्हणून मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास जे प्रवाळ तगून आहे ते थोडकं आणि चिवट. मोठी प्रवाळ वसाहत पाहायची तर विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर, आंग्रिया बँक नावाच्या समुद्रात बुडालेल्या पठारावर जावं लागतं. नद्यांचा हात तिथवर पोचत नाही. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावरही हेच आहे. रुफिजी नदी समुद्राला मिळते तिथे पूर्व आफ्रिकेतलं सर्वांत मोठं खारफुटीचं रान आहे, पण त्या मुखाशी प्रवाळ नाही.

तेव्हा चुंबेला प्रवाळ आहे याचं एक मोठं कारण म्हणजे तिथे नसलेली नदी. आणि अशा जागी राहायचं घर बांधणं म्हणजे एक लहानशी नदी आणून सोडणंच असतं. न्हाणीघरातून, संडासातून, मोरीतून निघालेली, साबण आणि नत्र घेऊन येणारी. 'पर्यावरणपूरक' हा शब्द आज कुठल्याही रिसॉर्टच्या पाटीवर असतो. बांबूचा दिवा आणि नारळाच्या करवंटीची साबणदाणी ठेवली की तो लावता येतो. चुंबेच्या घरांबद्दल आस्था वाटते ती त्यांनी हा प्रश्न पायापासून घेतला म्हणून: घराची नदी होऊ द्यायची नाही.

बेटाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिबिले रीडमिलर या जर्मन बाईंनी ही कल्पना मांडली. पश्चिमेकडचं प्रवाळ तोवर वाचलं होतं, कारण ते झांझिबार–दार एस सलाम जलमार्गाला लागून होतं आणि तिथे मासेमारीला मनाई होती. १९९४ साली झांझिबार सरकारनं तो पट्टा अभयक्षेत्र म्हणून जाहीर केला आणि देखभाल एका खाजगी, विनानफा कंपनीकडे दिली. खाजगी व्यवस्थापनाखालचं जगातलं पहिलं सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून ते ओळखलं जातं. १९९७ साली बेटावरचे उंदीर काढून टाकले आणि १९९८ साली घरं पाहुण्यांसाठी उघडली. पाहुण्यांच्या पैशातून राखणदारांचे पगार निघतात आणि शाळेतली मुलं प्रवाळ पाहायला आणली जातात.

आता पाणी.

विहीर का नाही, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण या किनाऱ्यावरच्या बहुतेक रिसॉर्टांची पहिली चूक तीच असते. बेटाखाली गोडं पाणी असलंच तर ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत त्याची ढेरी असते, असा ठोकताळा आहे. ऐकायला छान वाटतं, पण हिशेब उलटाही चालतो. पंपानं वरची पातळी वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर खाली नेली की खालून खारं पाणी आठ ते दहा मीटर वर चढतं. आणि तीनशे मीटर रुंदीच्या सच्छिद्र बेटावर ही ढेरी मुळात पातळच असते. बोअरला पहिल्या वर्षी गोडं, दुसऱ्या वर्षी मचूळ आणि मग खारट पाणी लागतं, आणि एकदा खारावलेली जागा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात. मोठ्या बेटावर, उंगुजात, हॉटेलाच्या पंपामुळे शेजारच्या गावाची विहीर बिघडली तर पाण्यासाठी लांब चालावं लागतं ते गावातल्या बायकांना. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राचा पर्याय लहान बेटाला परवडत नाही. त्याला वीज फार लागते आणि उरलेलं अतिखारट पाणी टाकायचं कुठे, हा प्रश्न पुन्हा प्रवाळापाशीच येतो.

राहिला पाऊस. इथे तो दोनदा येतो. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा मोठा पाऊस म्हणजे मासिका. ऑक्टोबर-नोव्हेंबरापासून डिसेंबरपर्यंतचा हलका पाऊस म्हणजे वुली. दोन्ही मिळून वर्षाला १५०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्या कोकणाच्या निम्म्याहून जरा कमीच. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरचं छप्पर धरलं तर वर्षाला कागदावर दीड लाख लिटर होतात. झावळ्यांचं छप्पर आधी स्वतः पाणी पितं आणि मग सोडतं, म्हणून निम्मंच धरावं: ७५ हजार. दोन माणसं दर माणशी ५० लिटर वापरतात असं मानलं तर वर्षाची गरज ३६ हजार ५०० लिटर. म्हणजे पाणी पुरून उरतं.

अडचण वेळेची आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाच महिने पावसाचा भरवसा नाही. रोजचे १०० लिटर गुणिले १५० दिवस म्हणजे १५ हजार लिटर. तेवढी टाकी हवीच: तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद, दोन मीटर खोल. चुंबेच्या घरांत ही टाकी जमिनीखालीच आहे. माणूस अक्षरशः आपल्या पाण्यावर राहतो. तिथून पाणी हातपंपानं वर चढवायचं, उन्हावर तापवायचं आणि अंघोळीला घ्यायचं. हातपंपाचा मला वाटणारा मोठा गुण असा की पाणी किती गेलं हे दंडाला कळतं. नळ नुसता फिरवला की पाणी येतं तिथे ही जाणीव राहत नाही. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सव्वाचार लिटर घालवतो, १५० दिवसांत साडेसहाशे लिटर. म्हणजे दोन माणसांचे सहा-साडेसहा दिवस एका थकलेल्या वायसरमुळे जातात.

गोळा करण्यातही खाचाखोचा आहेत. पहिल्या सरीचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. त्यात पक्ष्यांची विष्ठा, धूळ आणि वाऱ्यानं आणून बसवलेलं मीठ असतं. दीड ते दोन मिलिमीटर पाऊस, म्हणजे शंभर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे लिटर, आधी बाजूला काढायचा. त्यासाठी पन्हळीच्या उतरत्या नळाला दोनशे लिटरचं पिंप जोडतात. पिंप भरलं की त्यातला तरंगता चेंडू तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी गाळणीकडे वळतं. पिंपाच्या बुडाला बारीक भोक ठेवतात, त्यातून ते एका दिवसात ठिबकून रिकामं व्हावं म्हणून. हे भोकच बुजतं. पानाचा एक कुजका तुकडा अडकतो, पिंप भरलेलंच राहतं आणि पुढच्या पावसाची सगळी घाण सरळ टाकीत जाते. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण वरून सगळं ठीक दिसतं. मग आठवड्याभरानं पाण्याला वास येतो.

गाळणीत खाली मोठे गोटे, वर खडी, वर धुतलेली वाळू. वाळू समुद्राची असेल तर गोड्या पाण्यानं अनेकदा धुवायला लागते, आणि इथे धुवायलाही पाणी लागतं, म्हणून ती मुख्य बेटावरून धुऊन आणणं बरं. झावळ्यांच्या छपराचं पाणी पहिल्या वर्षी फिक्या चहासारखं दिसतं. तो पानातला रंग आहे, न्हायला त्याची हरकत नाही. प्यायचं पाणी वेगळं ठेवावं. टाकीला काळोख हवा आणि प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर ती डासांचं पाळणाघर होते. आणि टाकीच्या काँक्रीटमध्ये पुळणीची वाळू कधीही नको. तिच्यातलं मीठ आतल्या सळईला गंज चढवतं, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि भिंत आतून फुटते. चार-पाच वर्षांनी केसाएवढी चीर पडते आणि ऑगस्टमध्ये तळ दिसायला लागतो.

छप्पर या सगळ्याचा उगम आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. स्वाहिली किनाऱ्यावर ते माकुटीचं असतं. आपल्याकडे झाप करतात तेव्हा झावळीची पाती मधल्या दांड्यासकट एकमेकांत विणतात. माकुटीत पाती दांड्यावरून सोडवून घेतात, हातभर-दोन हात लांबीच्या काठीवरून एकेक दुमडतात आणि पानाच्याच पट्टीनं किंवा सुंभानं ओवून टाके घालतात. तयार होतो तो एक झुपकेदार फडका. असे फडके वाशांवर खालून वर, एकावर एक चढवत बांधायचे. दोन ओळींमधलं अंतर वीतभरापेक्षा कमी, चार ते सहा इंच. अंतर वाढवलं की माल वाचतो आणि छप्पर दोन वर्षं आधी जातं. उतार ४५ अंशांचा हवा. वास्तुरचनाकारांना सपाट, ऐसपैस छप्पर आवडतं, पण माकुटीला ते सोसत नाही. पाणी रेंगाळतं, पान कुजतं आणि कुजलेल्या पानातून टाकीत काय उतरतं हे वर आलंच आहे. खिळे वापरू नयेत, खाऱ्या हवेत ते दोन पावसाळेही काढत नाहीत. काथ्याच बरा, कारण काथ्याला खाऱ्या पाण्याची सवय असते. इथल्या बायका नारळाची सोडणं ओहोटीच्या चिखलात महिनोन्महिने पुरून ठेवतात आणि मग काढून कुटतात. कोकणच्या खाडीकाठी हे काम काही वेगळं नसतं.

चांगलं माकुटी छप्पर पाच ते सात वर्षं टिकतं. आधी आढं जातं, मग सावलीकडची बाजू शेवाळते. उंदीर शिरले तर त्याआधीच. ते बदलावं लागतं हा त्याचा दोष मानला जातो, पण मला ती त्याची ताकद वाटते. दर सहा वर्षांनी कुठल्यातरी गावातल्या पन्नास माणसांच्या हाताला काम मिळतं आणि उतरवलेलं छप्पर खतात जातं. पत्रा गंजून उडाला तर तो प्रवाळावर जाऊन पडतो.

वाशांचा प्रश्न मात्र सोपा नाही. या किनाऱ्यावर घरासाठी शतकानुशतकं खारफुटीच्या बल्ल्या वापरल्या गेल्या. त्यांना बोरिती म्हणतात. जुन्या दगडी घरांतल्या खोल्या लांबलचक आणि अरुंद, तीन मीटरच्या आत का, याचं उत्तर बोरितीच्या लांबीत आहे. झाडानंच खोलीचं माप ठरवलं. आज 'पारंपरिक' दिसावं म्हणून एकेक रिसॉर्ट शेकड्यानं बल्ल्या लावतं, तेव्हा कुठल्यातरी खाडीतला काठ उघडा पडतो आणि तिथला गाळ कुठल्यातरी प्रवाळावर बसतो. लागवडीच्या सुरूचं लाकूड दिसायला कमी देखणं असेल, पण जिथे चालतं तिथे तेच वापरावं. चुन्याचंही असंच. प्रवाळाचे दगड लाकडाच्या ढिगावर रचून भाजायचे, विझवून महिनोन्महिने मुरवायचे, ही इथली जुनी रीत. स्वाहिलीत चुन्याला चोका म्हणतात. जमिनीवरचा जुना, मेलेला खडक भाजला तर ठीक. समुद्रातून जिवंत प्रवाळ उचलला तर ज्यासाठी घर बांधलं तेच भिंतीला गेलं.

आता संडास. याविषयी लाजत बोललं तर हा विषय कळणारच नाही.

फ्लशचा संडास एका वेळी नऊ-दहा लिटर पाणी घेतो. दोन माणसांनी दिवसातून पाच-पाच वेळा वापरला तर नव्वद ते शंभर लिटर. म्हणजे बाकी सगळ्या गरजांएवढं पाणी फक्त वाहून न्यायला. पण हे नुकसान तुलनेनं लहान. मोठं नुकसान शोषखड्ड्यात आहे. चाळणीसारख्या खडकात शोषखड्डा म्हणजे समुद्राकडे जाणारा आडवा नळ. मातीत जंतू आणि नत्र अडतात, इथे अडवायला मातीच नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातून दिवसाला दहा-अकरा ग्रॅम नत्र बाहेर पडतं आणि त्याचा बहुतेक भाग लघवीतून. चौदा पाहुण्यांचं वर्षाचं धरलं तर ५० किलोच्या पुढे जातं. जवळजवळ अडीच गोणी युरिया, दर वर्षी, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात.

म्हणून खताचा संडास. मराठीला ही कल्पना नवी नाही. सोनखत हा शब्द आपलाच आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. तत्त्व तेच आहे: हवा, कोरडेपणा आणि कर्ब. मैल्यात नत्राच्या मानानं कर्ब कमी असतो, साधारण आठाला एक. कुजवणाऱ्या जंतूंना पंचवीस-तीसला एक हवा असतो. म्हणून प्रत्येक वापरानंतर वाटी-दोन वाट्या सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा टाकायचा. पाचोळा खरोखर सुका हवा. पावसाळ्यात तोच सादळतो, म्हणून तो मार्चच्या आधी गोळा करून झाकणाच्या डब्यात भरून ठेवावा लागतो. खालच्या कप्प्यातून काळ्या रंगाचा उंच नळ छपराच्या वर नेतात. ऊन लागून तो तापतो, आतली हवा वर चढते आणि संडासातली हवा खाली ओढली जाते. नळाच्या तोंडाला जाळी हवी, माश्यांसाठी.

वास आला तर कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: ओल. पातळ भाग निचरून गेला नाही की हवा कोंडते आणि सडणं सुरू होतं. उपाय जास्त पाचोळा, मोकळा नळ आणि निचऱ्याची तपासणी. तिथे सुगंधी रसायन ओतणं म्हणजे काम करणाऱ्या जंतूंना मारणं. निचरलेलं पाणीही जमिनीत सोडायचं नाही. ते तळ बंद केलेल्या वाफ्यात, भरपूर पाणी पिणाऱ्या झाडांच्या मुळाशी जातं. आणि भरलेला कप्पा बंद करून निदान वर्षभर तसाच राहू द्यायचा. इथल्या उष्ण हवेत जंताची चिवट अंडी मरायला तेवढा काळ लागतो. त्यासाठी दोन कप्पे हवेत. एकाच कप्प्यावर भागवणारे सहा महिन्यांतच उपसायला लागतात आणि मग 'ही पद्धत आमच्याकडे चालली नाही' असं सांगतात.

अंघोळीचं आणि मोरीचं पाणीही अशाच बंद वाफ्यात. खाली गळणार नाही असा तळ, वर खडी आणि वाळू, त्यात झाडं. वाफ्यातून पाणी बाहेर पडतं ते फक्त पानांतून, वाफ होऊन. हे जमायचं तर पाणी थोडंच हवं, आणि शॉवर दहा मिनिटं चालला की वाफा तुडुंब भरतो. पाण्याची काटकसर आणि प्रवाळाची राखण ही एकच गोष्ट आहे हे इथे डोळ्यांना दिसतं. अंगाला लावलेल्या क्रीमचंही तसंच. ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीन पलाऊ आणि हवाईनं कायद्यानं बंद केली. लांब बाह्यांचा सुती सदरा घालून पाण्यात उतरावं, पाठही वाचते.

विजेचं फार सांगण्यासारखं नाही. चुंबे विषुववृत्ताच्या सहा अंश दक्षिणेला, म्हणजे सूर्य डोक्यावरच. तरी पॅनल आडवं टाकू नये, दहा अंश तरी उत्तरेकडे कलतं ठेवावं, म्हणजे पावसानं मीठ धुऊन जातं. एका फांदीची सावली सगळ्या पॅनलची ताकद खाते. बॅटरी सावलीत, हवेशीर जागी ठेवावी आणि निम्म्याखाली उतरू देऊ नये. पंखा आणि एसी नाहीत. त्यांच्या जागी वाऱ्याची दिशा आहे. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा कास्काझी, पुढे दक्षिणेकडून येणारा कुसी. याच वाऱ्यांवर गलबतं शतकानुशतकं पश्चिम भारतातून इथे आली आणि परत गेली. घराची उघडी बाजू वाऱ्याला दिली की रात्री चादर लागते. दिवे मंद आणि खाली झुकलेले ठेवतात, कारण उजेडानं कासवाची पिल्लं वाट चुकतात.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र पाहुण्यानं पाठ करावं. इथे उधाणाला पाणी सुमारे चार मीटर चढतं-उतरतं, दक्षिण कोकणापेक्षा बरंच जास्त. उधाणाच्या भरतीला स्वाहिलीत बामवुआ म्हणतात, आणि आपण जिला भांगाची भरती म्हणतो तिला माजी माफू, मेलेलं पाणी. तिथी मोजणाऱ्या मालवणच्या कोळ्याला हे पंचांग समजावून सांगावं लागणार नाही. ओहोटीला होडी काठाला लागू शकत नाही, गुडघाभर पाण्यातून चालत यावं लागतं. म्हणून भाजी, पाहुणे, गॅसची टाकी, आजारी माणूस, सगळ्यांची वेळ चंद्र ठरवतो. मिठागारासारखं चकचकणारं ते उथळ पाणी पार करताना प्रवाळावर पाय पडू नये म्हणून ठरलेल्या वाटेनंच जायचं.

नांगराला स्वाहिलीत नांगा म्हणतात. मराठीत नांगर शब्दाला दोन अर्थ आहेत आणि प्रवाळावर दोन्ही एकदम खरे होतात: टाकलेला नांगर ओढला जातो आणि तळ नांगरून काढतो. गोल दगडासारखा प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो. हातभर उंचीचा फुटला तर अर्धं शतक गेलं. म्हणून होडी तळाला पक्क्या केलेल्या तरंगत्या बोयाला बांधायची आणि नांगर उचललेलाच ठेवायचा.

हे सगळं पाळतात ते राखणदार. त्यांतले कित्येक पूर्वी याच पाण्यात मासेमारी करणारे. त्यांच्याकडे शस्त्र नाही. अभयक्षेत्रात शिरलेल्या होडीजवळ जाऊन ते बोलतात: इथे मासा वाढतो, मोठा होतो, अंडी घालतो आणि रेषेबाहेर जातो, तिथे तो तुझाच आहे. समोरच्याचं जाळं, त्याचे फाटलेले दोर, त्याची अडचण यांना माहीत असते, म्हणून शब्दाला वजन येतं. दीपगृहाशेजारी एक छोटी मशीद आहे, झांझिबारमध्ये विरळा अशा भारतीय धाटणीची, दिवा सांभाळणाऱ्यांसाठी बांधलेली. ती अजून वापरात आहे. रात्री रानातून नारळी खेकडे निघतात. हे जमिनीवरचे सर्वांत मोठे खेकडे, चार किलोपर्यंत भरणारे, खरकट्याच्या वासावर येतात. म्हणून स्वयंपाकघरातला ओला कचरा झाकलेल्या खताच्या पेटीत जातो आणि बाकीचा प्रत्येक डबा, प्रत्येक पिशवी होडीनं मुख्य बेटावर परत जाते. उंदीर परत येऊ नयेत म्हणून आलेली प्रत्येक खोकी उघडून बघायची, हेही रोजचंच काम.

एका गोष्टीपुढे ही सगळी शिस्त अपुरी पडते. १९९८ साली समुद्र तापला आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर प्रवाळ पांढरं पडलं. २०१६ मध्ये पुन्हा तेच झालं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि उपाशी पडतं. ती उष्णता दूरच्या धुरातून येते, त्यात पाहुणा ज्या विमानानं आला त्याचाही वाटा आहे. सात घरांनी ती थांबत नाही. पण स्वच्छ पाण्यातलं प्रवाळ पांढरं पडल्यावर पुन्हा सावरण्याची शक्यता जास्त असते. शेवाळानं आधीच गळा धरलेला असेल तर मोकळ्या जागेवर शेवाळच बसतं. सुका पाचोळा, बंद वाफे आणि हातपंप यांतून प्रवाळाला मिळते ती एवढीच सवलत. दुखण्यातून उठायला अंगात थोडी ताकद असावी, तेवढी.

मेअखेरीस मासिका ओसरते. त्या आठवड्यात टाकीचं झाकण उघडून, खुणा केलेली काठी सरळ तळापर्यंत घालायची आणि ओली खूण वहीत लिहायची. या मापाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ७५ लिटर. मग दर सोमवारी. आठवड्याला नऊ-साडेनऊ सेंटिमीटर उतरलं तर ठीक. अकरा-बारा उतरलं तर पाहुण्यांना काही सांगण्याआधी वायसर आणि तळाची चीर बघायची. ऑक्टोबरात पूर्वेकडे ढग दिसायला लागले की पन्हळीतली पानं काढायची, जाळी झटकायची आणि पिंपाच्या बुडाचं भोक तारेनं मोकळं करायचं. वुलीची पहिली सर रात्रीही येऊ शकते, तेव्हा हे काम संध्याकाळपर्यंत उरकलेलं असावं.